रात्री दोनचा बॅकअप
(बोरी अरब येथील डॉक्टर, लॅबचालक व औषध विक्रेत्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आभाराने सुरुवात करावी असा रिवाज आहे. ते मानलेत असं समजा. माझ्या आधीच्या वक्त्यांनी जेवणाच्या वेळेत बराच हात घातला आहे.

2017 चा फवारणीचा हंगाम इथल्या कोणालाच विसरता येणार नाही. कपाशीवर फवारता फवारता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने भरती झाले, वीसहून अधिक दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते. पुढे 2020 मध्ये त्यातल्या काही कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला, कीटकनाशक कंपनीविरुद्ध दावा केला. दाव्याच्या गुणदोषांवर बोलायला मी वकील नाही. मला दिसतो तो कागद. हा माणूस कोणत्या तारखेला आला, काय लक्षणं घेऊन आला, कोणतं औषध दिलं, किती दिवसांनी सुटी झाली, हे परक्या देशात सिद्ध करायचं ते कशाच्या बळावर? केसपेपरच्याच. आणि यवतमाळला पोचण्याआधी असे रुग्ण बहुतेक वेळा गावच्या डॉक्टरकडे जातात, म्हणजे पहिली नोंद आपल्या टेबलावर होते.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत भरती रुग्णाचे कागद किमान तीन वर्षं सांभाळा असं सांगितलं आहे, आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्या असंही. 2017 ची विषबाधा, 2020 चा दावा. नियमाची मुदत संपते तिथे रुग्णाची गरज सुरू होते, असंही घडतं. म्हणून ‘तीन वर्षं झाली, रद्दीत घाला’ हे मला पटत नाही. संगणकावर तर जागेचंही कारण राहिलेलं नाही.

संगणक मात्र आपण कसा ठेवतो? एका ओळखीच्या दवाखान्यात मी गेलो होतो. नाव सांगत नाही, पण दवाखाना टापटीप. सर्व्हर टेबलाखाली, त्यावर सॅम्पलच्या औषधांची खोकी रचलेली. डॉक्टर अभिमानाने म्हणाले, आपल्याकडे दोन डिस्क आहेत, मिररिंग आहे, शिवाय रोज रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप होतो. खोकी बाजूला केली तर एका डिस्कचा केशरी दिवा लुकलुकत होता. ती डिस्क कधीचीच गेली होती, काम एकट्या दुसरीवर चालू होतं. बॅकअपचं फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल सॉफ्टवेअरवाला मुलगा बसवून गेला त्या दिवसाची. कंपाउंडरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, म्या त रोज मेन स्विच बंद करूनच घरी जातो. लाइट जाऊन आली की आग लागते ना बाप्पा!’’

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. रात्री दोनची वेळ ठरवणाऱ्याने त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

मिररिंगबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. मिररिंग म्हणजे जे एका डिस्कवर किंवा सर्व्हरवर लिहिलं जातं ते जवळपास त्याच क्षणी दुसऱ्यावरही लिहिलं जाणं. एक बंद पडलं तर ओपीडी थांबत नाही, हा त्याचा खरा उपयोग, आणि तो मोठा आहे. पण रिसेप्शनवरच्या मुलीने चुकून एखाद्या रुग्णाची फाइल पुसली तर ती दुसरीकडेही तेवढ्याच तत्परतेने पुसली जाते. व्हायरसने डेटा कुलूपबंद केला तर दोन्हीकडे कुलूप. कालचा दिवस परत आणून देतो तो बॅकअप. मिररिंगकडे काल नसतोच. शेतकऱ्याच्या घरात खायचं धान्य आणि पेरायचं बियाणं एका कोठीत नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दिल्लीच्या एम्सचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. 23 नोव्हेंबर 2022 ला तिथे सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. देशातलं एवढं मोठं रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे हाताने चिठ्ठ्या लिहीत होतं. बातम्यांत हल्लाच गाजला. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: तिथल्या ई-हॉस्पिटल यंत्रणेचा डेटा परत मिळाला, तो हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तो बाजूला होता म्हणून वाचला.

आपल्या राज्यात त्याच वर्षी जुलैमध्ये वेगळंच घडलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणकीय यंत्रणा बंद पडली आणि रुग्णालयं पुन्हा कागदावर आली. ना हल्ला, ना आग, ना पूर. कारण होतं कंत्राटदाराशी बिनसलेला व्यवहार. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याशी उद्या बिनसलं तर तुमच्या रुग्णांच्या नोंदी, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा, तुमच्या हातात असतील का? करारात ही ओळ नसेल तर वार्षिक देखभालीचा (एएमसीचा) पुढचा चेक देण्याआधी ती घालून घ्या.

श्रीमंत देशांत सगळं ठीक असतं असंही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा 858 टेराबाइटचा साठा गेला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. एवढा मोठा साठा उचलून ठेवणं अवघड, असं कारण पुढे आलं. आपल्या दवाखान्याचा डेटाबेस खिशातल्या डिस्कवर मावतो. आपल्याला ते कारणही नाही.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम आता जगभर सांगतात. तो रूढ केला पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने, आपले फोटो जाऊ नयेत म्हणून. आमच्या धंद्यातल्या कोणाला आधी सुचला नाही, याची मला थोडी लाज वाटते. सोनोग्राफीवाल्यांना तर धास्ती जास्त हवी. फॉर्म एफ सापडला नाही तर गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याची (पीसीपीएनडीटी) माणसं ‘डिस्क उडाली’ ऐकून घेत नाहीत.

दुसरी जागा कुठली? क्लाउड चांगला, पण आपल्याकडचं नेट पावसाळ्यात काय करतं ते तुम्ही जाणता. त्याच्या जोडीला मी एक सुचवतो. अडाणला पूर आला की नदीकाठच्या गावांत काय होतं हे बोरीला शिकवायला नको, आणि जुलै 2023 मध्ये महागावकडे लोकांना काढायला हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. तेव्हा बोरीच्या दवाखान्याची बॅकअप डिस्क नेरला किंवा यवतमाळला, आणि तिकडची इथे. दर शनिवारी सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्यायचा. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती उघडेलच असं नाही. डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे मित्रालाही आपले रुग्ण वाचता येणार नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात, डिस्कसोबत नाही. आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसला आयतीच सापडते.

एवढं करूनही एक काम उरतं, आणि तेच कोणी करत नाही: ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणं. तीन महिन्यांतून एकदा, कंपाउंडरला शेजारी बसवून, कुठल्याही पाच रुग्णांची नावं शोधायची. रिपोर्ट दिसतो का, फोटो उघडतो का, शेवटच्या शनिवारची तारीख आहे का. अर्धा तास लागतो.

दवाखान्यांच्या जोड्या लावण्याचा ठराव मी मांडतो आहे. सूचक आणि अनुमोदक जेवणाच्या रांगेत मिळतील अशी आशा आहे. ज्यांनी डिस्क सोबत आणली आहे त्यांनी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत यावं. तिथे एक कोरा लॅपटॉप ठेवला आहे.