खेळताना संगणक का बंद पडतो?



आजचा विषय वरवर पाहता मुलांचा वाटेल. पण त्याची झळ लागते ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खिशाला. साठ-सत्तर हजार रुपये घालून घरात संगणक आणलेला असतो. आणताना अभ्यासाचं नाव पुढं केलेलं असतं, आणि अभ्यासाच्या जोडीनं त्यावर खेळही चालतात. काही महिने सुरळीत जातात. मग एके दिवशी, खेळ अगदी ऐन रंगात आला असताना, पडदा एकदम काळा होतो. किंवा यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. कधी दहा मिनिटांत हे घडतं, कधी दोन तासांनी, आणि कधी चार-चार दिवस काहीच घडत नाही. घरात मग दोन निकाल ताबडतोब लागतात. वडील म्हणतात, 'खेळून खेळून बिघडवलास.' आणि दुरुस्तीवाला म्हणतो, 'ग्राफिक्स कार्ड गेलंय, बदलावं लागेल.' पहिल्या निकालानं मुलाला बोलणी बसतात. दुसऱ्यानं वीस-तीस हजारांना कात्री लागते. आणि पुष्कळदा होतं असं की, कार्ड बदललं तरी संगणक बंद पडायचा तो पडतोच. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातला हा प्रकार.

तेव्हा खरा चोर कसा शोधावा, आणि तोही पदरचा पैसा न घालता कुठवर शोधता येतो, एवढंच आज सांगायचं आहे.

पहिला प्रश्न असा की, हा संगणक खेळतानाच का बंद पडतो? पत्र लिहिताना, सिनेमा पाहताना तो अगदी शहाण्यासारखा वागतो. याचं उत्तर सोपं आहे. एखादी जुनी मोटार पुण्याच्या पेठांतून वर्षभर निमूटपणे फिरते. पण खंडाळ्याच्या घाटाला लागली की, तिच्यातून वाफ निघते. घाटानं मोटार बिघडवली असं आपण म्हणत नाही. रेडिएटर आधीपासूनच नादुरुस्त होता, घाटानं तो दाखवून दिला. खेळ हा संगणकाचा घाट आहे. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला जेमतेम पन्नास ते शंभर वॅट वीज घेणारं यंत्र मोठ्या खेळाच्या वेळी तीनशे-चारशे वॅट आणि त्याहूनही अधिक घेऊ लागतं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि पंखे ही सारी मंडळी एकाच वेळी कामाला जुंपली जातात. त्यांच्यात जो कुणी अशक्त असेल तो नेमका अशा वेळी बसकण मारतो. म्हणून खेळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी त्याची साक्ष घ्यावी, हे बरं.

ही साक्ष घ्यायची म्हणजे यंत्र बंद कसं पडलं ते बारकाईनं पाहायचं. स्थूलमानानं याचे चार प्रकार होतात. पहिला प्रकार असा की, खेळ तेवढा बंद होतो आणि बाकीचा संगणक चालूच राहतो. यात संशय प्रथम खेळाच्या फायलींवर आणि ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर जातो. कधी रॅमवरही जातो. दुसऱ्या प्रकारात चित्र थिजतं किंवा पडदा काळा होतो, पण आवाज मात्र चालू राहतो. इथं ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडलेला असण्याचा संभव अधिक. विंडोज या कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट पाहते. उत्तर आलं नाही की, ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची खटपट करते. तिसऱ्या प्रकारात निळा पडदा येतो. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे, पण अर्थ तोच. विंडोजनं स्वतःहून हात टेकले आहेत, आणि जाताना खाली एक सांकेतिक शब्द लिहून ठेवला आहे. या शब्दाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. चौथा प्रकार सर्वांत गूढ. प्लग उपटावा तसं यंत्र एका क्षणात मरतं. ना शब्द, ना खूण. असं झालं की, विजेकडे आणि उष्णतेकडे आधी पाहावं.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक रोजनिशी असते. तीत अशा मृत्यूनंतर 'कर्नल पॉवर ४१' अशी एक नोंद हमखास सापडते. ती पाहून पुष्कळजण 'वीज गेली, पॉवरचा दोष आहे' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. वास्तविक ती नोंद एवढंच सांगते की, मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. 'इसम मृत स्थितीत आढळला' असं पंचनाम्यात लिहितात ना, तसं. मृत्यू झाला हे खरं. कारण अजून शोधायचंच आहे.

आता शोधाला लागू. माझी पहिली विनंती अशी की, एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, कोणता खेळ, किती मिनिटांनी बंद पडला, चारांपैकी कोणत्या प्रकारानं पडला, आणि खोलीत उकाडा किती होता, एवढं लिहा. दुसरी विनंती त्याहून महत्त्वाची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखाही साफ केला, ड्रायव्हरही बदलला, रॅमही काढून लावली, आणि संगणक सुधारला, तर तो कशानं सुधारला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि महिन्यानं दुखणं उलटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आरंभ फुकटच्या उपायानं करावा. बहुतेक खेळांत, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये, दर सेकंदाला किती चित्रं काढायची ते ठरवता येतं. तो आकडा ६० वर आणून ठेवा. ग्राफिक्स कार्डावरचा भार बराच उतरतो. एवढ्यानं बंद पडणं थांबलं तर दोष उष्णतेचा किंवा विजेचा असावा, असा तर्क करायला हरकत नाही.

मग उष्णता. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ ही जोडी संगणकाच्या मुळावर येते. आतल्या चिपचं तपमान म्हणजे खोलीचं तपमान अधिक कामामुळे चढलेली उष्णता. डिसेंबरात बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर बहात्तर अंशांवर असतो, तोच मे महिन्यात चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदीच्या घरात जातो. विदर्भात बाहेरचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथल्या घरांची कल्पना करा. आजचे पुष्कळ प्रोसेसर पंचाण्णव ते शंभर अंशांच्या सुमाराला आपला वेग आपणच कमी करतात. तरीही तपमान चढत राहिलं, तर जीव वाचवण्यासाठी यंत्र बंद होतं. तपमान दाखवणारी साधनं फुकट मिळतात. खेळताना त्यावर नजर ठेवा. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून समोर टेबलफॅन लावून पाहा. एवढ्यानं फरक पडला तर रोग कळला. मग प्लग काढून ब्लोअरनं धूळ उडवा. उडवताना पंखा बोटानं धरून ठेवावा. तो हवेनं गरगर फिरू देऊ नये, खराब होतो. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. तिला फार पैसे पडत नाहीत.

त्यानंतर वीज. इथं आपल्या घरांतली एक गोष्ट फार नडते, ती म्हणजे छोटा यूपीएस. त्यावर ६०० व्हीए असा आकडा छापलेला असतो, आणि आपल्याला वाटतं की तो सहाशे वॅट वीज देईल. पुष्कळ घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतात. खेळाचा संगणक आणि मॉनिटर मिळून चारशे वॅट मागू लागले की, तो बिचारा मान टाकतो. आणि दोष जातो ग्राफिक्स कार्डावर. म्हणून चाचणीपुरता यूपीएस बाजूला ठेवून प्लग सरळ भिंतीत लावा. एक्स्टेंशन बोर्ड ढिला असेल तर तोही काढा. अर्थिंग ठीक आहे की नाही, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

एवढं करूनही यंत्र प्लग उपटल्यासारखंच मरत असेल तर एसएमपीएसचा संशय घ्यावा. नवी ग्राफिक्स कार्डं क्षणाच्या अल्पांशापुरती आपल्या नेहमीच्या मागणीच्या जवळजवळ दुप्पट वीज ओढतात. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकानं अशी क्षणिक उसळी सोसण्याची अट एसएमपीएसवर घातली. जुना किंवा हलक्या प्रतीचा एसएमपीएस त्या क्षणी स्वतःला बंद करून घेतो. एखाद्या मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणावा आणि लावून पाहावा. मात्र एसएमपीएसचं झाकण कुणीही, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत घातक विद्युत्भार साठून राहतो.

तिसरी संशयित म्हणजे रॅम. तिच्यावर छापलेला वेग पुष्कळदा बायोसमधली एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय चालू केल्यावर मिळतो. तो मूळ ठरलेल्या वेगापेक्षा चढा असतो, आणि प्रत्येक यंत्राला तो झेपतोच असं नाही. ती सोय बंद करून पाहा. मग मेमटेस्ट ८६ हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती पुरेशी समजावी. लाखांत एक खोटं बोलणारा कारकून जमाखर्चाला चालत नाही, तसंच हे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून कोणती खोटी ते ठरवता येतं.

आता तुम्ही विचाराल, एक गोष्ट बदलल्यावर 'बरं झालं' असं म्हणायचं केव्हा? इथं पुष्कळजण फसतात. समजा, तुमचा संगणक सरासरीनं तासाला एकदा बंद पडतो, पण नेमका केव्हा ते सांगता येत नाही. तुम्ही पंखा साफ केलात, तासभर खेळलात, काही झालं नाही. रोग गेला का? गणित सांगतं की, काहीही न करता नुसतं बसलं असतं, तरी शंभरांतून सदतीस वेळा तो तास सुखरूप गेलाच असता. सलग तीन तास पार पडले तर मात्र निव्वळ नशिबाचा वाटा शंभरांत पाचांवर येतो. तेव्हा बंद पडण्यामध्ये सरासरी जेवढा वेळ जातो त्याच्या निदान तिप्पट वेळ वाट पाहिल्यावाचून गुलाल उधळू नये. वहीचा उपयोग इथंच होतो. सरासरी तिच्यातूनच निघते.

एवढं सगळं केलं आणि तरीही दोष सापडला नाही तर? तर तो कारखान्यातूनच आलेला असू शकतो, आणि याचं एक मोठं उदाहरण अलीकडे जगानं पाहिलं. इंटेल कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ अचानक बंद पडू लागले. ही प्रोसेसरं २०२२ आणि २०२३ सालची. गंमत अशी की, पुष्कळ खेळांत पडद्यावर संदेश येई तो 'व्हिडिओ मेमरी संपली' असा. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डाच्या मागं लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष प्रोसेसरमध्ये होता. जुलै २०२४ मध्ये कंपनीनं मान्य केलं की, प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचातल्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टपासून बायोसच्या नव्या आवृत्तीतून दुरुस्ती मिळू लागली, आणि त्या प्रोसेसरांची हमीही दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जे आधीच झिजले होते ते या औषधानं बरे होणारे नव्हते. ते बदलूनच घ्यावे लागले.

यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. यंत्र जिथं दुखतंय म्हणून सांगतं, तिथंच दुखणं असतं असं नाही. बायोस अद्ययावत आहे ना, हे पाहणं हाही तपासाचाच भाग आहे. आणि हमीच्या मुदतीत दुकानात जाताना 'कधी कधी बंद पडतो हो' एवढं सांगून भागत नाही. दुकानातल्या माणसासमोर तो दहा मिनिटं अगदी गुणी बाळासारखा चालतो, आणि तुम्ही हात हलवत परत येता. त्याऐवजी समोर वही ठेवा. या तारखांना, इतक्या मिनिटांनी, या प्रकारानं बंद पडला, यूपीएस काढून पाहिला, रॅम रात्रभर तपासली, तपमान इतकं होतं, हे फोटो. अशा माणसाला टोलवणं कुणालाही सोपं जात नाही.

आणि शेवटी वडीलधाऱ्यांना एक सांगणं. तुमचा मुलगा किंवा मुलगी अशी वही घेऊन संगणकासमोर बसली, तर ती खेळत बसली आहे असं समजू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, आणि पुरावा हाती येईपर्यंत कुणालाही दोषी ठरवायचं नाही, ही शिस्त ती तिथं शिकते आहे. संगणक तर दुरुस्त होईलच. पण आपल्याला ठोकळ्यानं 'बिघडवलंस' म्हणणाऱ्या घराला शांतपणे खरं कारण दाखवून देणारं मूल ही त्याहून मोठी मिळकत आहे. तिच्या हाती वही द्या, आणि जमलं तर त्या पाटी काढलेल्या कॅबिनेटजवळ चार घटका तुम्हीही बसा.