आमच्या खिडक्या आणि त्यांचे पडदे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणा विदुषींना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की घरच्याच बाईने चार शब्द बोलावेत, आणि त्या माझ्या मागे लागल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली. विषय कोणता घेऊ म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "नव्या इमारतीत आल्यापासून रोज कोणी ना कोणी तुमच्याकडे पडद्याचे माप विचारायला येते, त्यावरच बोला." तेव्हा पडद्यांवरच बोलते. गोड मानून घ्या.

कापडाची ओळख मला वडिलांनी करून दिली. ते गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचे काम सुटले ते कायमचेच. माझी शाळा सातवीत थांबली, तिचे मूळही तेथेच आहे. पण हाताची सवय काही सुटली नाही. दुकानात गेले की कापड आधी उजेडाकडे धरायचे, मग मुठीत चुरगाळून सोडायचे, आणि शेवटी कडेचा एक दोरा मागून घेऊन काडीने पेटवायचा. दोरा सुती असला तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटात मऊ राख उरते. पॉलिस्टर असले तर ते वितळते आणि त्याची कडक गोळी होते. दुकानदार शपथेवर काही सांगो, दोरा खोटे सांगत नाही. आजही मी एवढेच करते.

चाळीत होतो तेव्हा पडदा म्हणजे आमची भिंत होती. एका खोलीच्या दोन खोल्या करायच्या तर जुने नऊवारी लुगडे दोरीवर टाकायचे. अभ्यास, आजारपण, बाळंतपण, नव्या सुनेचा संसार, सगळे त्या लुगड्याच्या अलीकडे-पलीकडे झाले. खिडकीला पडदा कोणाच्याच नव्हता, कारण खिडकीबाहेर गॅलरी आणि गॅलरीत सगळी आपलीच माणसे. आता प्रत्येकीला वेगळी खोली मिळाली, आणि खिडक्या केवढ्या! पण समोरची इमारत वीस फुटांवर. त्यामुळे घराघरांतून एकच प्रश्न आला: उघडे ठेवावे तर समोरचे पाहतात, बंद ठेवावे तर घरात अंधार.

आमच्याकडे हा प्रश्न चांगलाच पेटला. माझी मुलगी बारावीला. समोरच्या खिडकीत कोणी ना कोणी उभे असते, म्हणून तिने गडद निळा, उजेड न येऊ देणारा पडदा मागितला, आणि दिवसभर लावून ठेवला. तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तरुण मुलीला स्वतःच्या घरात मोकळेपणाने वावरता येऊ नये, हे कोणत्या आईला आवडेल? पण त्याच खोलीत सासूबाई बसतात. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. चाळीत त्या दिवसभर गॅलरीत बसायच्या, भाजी निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या. इथे त्या पडद्याआड बसल्या आणि आठ दिवसांनी मला म्हणाल्या, "अगं, सकाळ झाली की संध्याकाळ, ते मला आता चहावरूनच कळते." तांदूळ निवडायचे त्यांनी सोडून दिले. मला वाटले कंटाळल्या असतील. पण त्यांना खडे दिसतच नव्हते.

बायांनो, पडदा घ्यायला निघताना रंग आणि फुले आपण शेवटी पाहावीत. आधी या खोलीत कोण बसते, कोणत्या वेळी बसते आणि त्याला काय दिसायला हवे, हे पाहावे.

एक साधी गोष्ट ध्यानात धरली की पुष्कळ कोडी सुटतात. पातळ पडद्यातून नेहमी उजेडाची बाजू दिसते. दिवसा बाहेर ऊन असते, म्हणून पातळ पांढऱ्या पडद्याआडून आपल्याला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून आपण दिसत नाही. संध्याकाळी घरात दिवा लागला की सगळे उलटे होते. तेव्हा नुसते जाळीदार पडदे लावून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा रात्री दिवे लावून खाली अंगणात जाऊन आपलीच खिडकी पाहून यावी. म्हणून अशा खिडकीला दोन पडदे हवेत, दिवसाचा पातळ आणि रात्रीचा जाड. दुहेरी दांडी मिळते, पुढेमागे दोन्ही बसतात.

पण आमच्या सासूबाईंना पातळ पडद्याचाही उजेड पुरेना. तेव्हा मी जुन्या दवाखान्यांत असायचा तसा अर्धा पडदा केला. आमच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फुटांवर आहे. त्याच्यावर दोन फुटांचा मांजरपाटाचा पडदा, खाली-वर स्प्रिंगच्या तारेत ओवून ताणून बसवला. वरचा भाग मोकळा. समोरून सरळ पाहणाऱ्याला आता आमचा पंखा आणि कॅलेंडर दिसते, आणि वरून येणारा उजेड खोलीत खूप आतवर पोहोचतो. मुलगी खाली बसून अभ्यास करते, सासूबाई आरामखुर्चीवर. रात्री निळा पडदा त्यावरून ओढायचा. मात्र तुमच्यापेक्षा वरच्या मजल्यावरून कोणी खाली पाहू शकत असेल, तर हा उपाय अपुरा पडेल. ज्याने-त्याने आपला मजला पाहून ठरवावे.

आता उन्हाचे सांगते. पश्चिमेच्या खिडकीने दुपारनंतर घराची भट्टी होते, आणि जाड पडदा लावला की काम झाले असे आपण समजतो. पण ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवले तरी ते घरातच अडते. पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेर अडवणे केव्हाही चांगले. म्हणून आपले जुने लोक छज्जा काढीत आणि ओटीला बांबूची चिक लावीत. २०१८ साली केंद्र सरकारने घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यातही भिंतींतून आणि खिडक्यांतून किती उष्णता आत येते याचा हिशेब मांडला आहे आणि छज्जाची सावली त्यात धरली आहे. मुलीने मला हे वाचून दाखवले. ज्यांना बाल्कनी आहे त्यांनी चिक लावावी. ज्यांना नाही, त्यांनी निदान पडद्याचे अस्तर पांढरे घ्यावे आणि ते काचेकडे ठेवावे, म्हणजे थोडे ऊन आल्या वाटेने परत जाते. अस्तराने मूळ कापडाचा रंगही टिकतो. विदर्भात वाळ्याचे पडदे पाणी मारून लावतात, ते पाहून इकडे कोणी करायला जाऊ नये. तिकडची हवा कोरडी, म्हणून पाणी उडून जाते आणि गारवा येतो. आपल्याकडे मुळातच दमट, नुसता ओला वास येईल.

दमटपणावरून आठवले. पावसाळ्यात जमिनीपर्यंत लोळणारे पडदे आपल्या हवेत शोभत नाहीत. सिनेमात छान दिसतात. इथे खालची कड भिजते, आषाढात बुरशी धरते आणि त्यात धूळ बसून घरातल्या दम्याच्या माणसाला त्रास होतो. कट्ट्याखाली सहा इंच पुरेत. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो व अंधाऱ्या जागी, लटकत्या कपड्यांमागे बसतो, तेव्हा सकाळी पडदे एकदा जोराने झटकावेत. स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणि देव्हाऱ्याच्या दिव्याजवळ पडदा नकोच. सुती चटकन पेट घेते आणि पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. दोन्हींत निवडण्यासारखे काही नाही.

रात्रपाळीच्या माणसाचे वेगळे आहे. माझे दीर रखवालदारीवर आहेत, सकाळी आठला येऊन झोपतात. त्यांच्या खोलीला मात्र अंधार करणारा पडदा हवाच. पण असे महागाचे कापड घेऊनही उजेड येतो अशी तक्रार दोघी-तिघींनी केली. तो कापडातून येत नाही, बाजूच्या फटींतून येतो. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे न्या आणि पडद्याच्या कडा भिंतीला टेकू द्या.

कापड किती लागेल, हे सगळ्या विचारतात म्हणून एक हिशेब करून दाखवते. खिडकी पाच फूट रुंद म्हणजे ६० इंच. दांडी दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, झाली ७२. चुण्या बऱ्या पडायच्या तर दुप्पट, म्हणजे १४४. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर तीन पट्टे. उंची साडेचार फूट म्हणजे ५४ इंच, वर सहा, खाली सहा, झाली ६६. वरची-खालची दुमड मिळून दहा, म्हणजे ७६. सुती कापड आटते, म्हणून चार इंच आणखी, ८०. तीन पट्ट्यांचे २४० इंच, म्हणजे सहा मीटर आणि वर दहा सेंटिमीटर. मोठी नक्षी असेल तर फुलाला फूल जुळवायला जास्त लागेल, म्हणून मी साधे किंवा बारीक नक्षीचेच घ्या म्हणते. कापड शिंप्याकडे देण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवा. सहा मीटर भिजवून वाळवायला कंटाळा येतो खरा, पण शिवल्यावर आटले तर पडदा कट्ट्याच्या वर चढून बसतो, तो काही खाली येत नाही.

रिंगांचा पडदा शिवून घ्याल तर रिंगा सम संख्येत सांगा, आठ किंवा दहा. म्हणजे दोन्ही टोके भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक टोक खोलीत तोंड वासून राहते. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या विटांच्या आहेत, तिथे आखूड स्क्रू धरत नाही. आमच्या शेजारी दांडी पडद्यासकट पाळण्याशेजारी पडली. सुदैवाने पाळण्यात बाळ नव्हते. खाली-वर ओढायच्या पट्ट्यांच्या पडद्याला दोरीचा फास लोंबत असतो, लहान मुले असतील त्यांनी तो घेऊच नये, आणि घेतलाच असेल तर दोरी उंच खुंटीला गुंडाळून ठेवावी. मुलाच्या गळ्यात अडकायला क्षण पुरतो.

कोणते कापड चांगले, म्हणाल तर मी इचलकरंजीचे साधे सुती घेते. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि गाव कापडावर उभे राहिले. वडील गेले तरी मागावरच्या माणसाची बाजू घ्यायची खोड घरात राहिली आहे. ज्यांना इस्त्रीचा कंटाळा त्यांनी मिश्र सूत घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

सासूबाई आता पुन्हा तांदूळ निवडतात. समोरच्या खिडकीत एक आजी बसतात, त्यांना अर्ध्या पडद्यावरून हात करतात. दोघींनी एकमेकींची नावे अजून विचारलेली नाहीत.

माझ्याकडे मोजपट्टी आणि स्प्रिंगची तार दोन्ही आहेत. दुपारी तीननंतर मी घरी असते. येताना खिडकीचे माप घेऊन या, आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही पाहून या.