मागे राहिलेल्यांचं मिशन



   

ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं वाङ्मयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ मध्ये आली आणि रेव्हरंड टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ही परंपरा आपणा सर्वांना ठाऊक आहे. नव्या पुस्तकांविषयी उद्याच्या परिसंवादात जाणकार बोलतील. मी आढावा इथंच थांबवतो, कारण एक गोष्ट माझ्या मनात फार वर्षं साठली आहे आणि ती बोलायला असं व्यासपीठ मला पुन्हा मिळणार नाही.

परदेशी मिशनचा इतिहास आपण सगळे एकाच साच्यात लिहितो. माणसाला पाचारण होतं, तो समुद्र ओलांडतो, भाषा शिकतो, शाळा काढतो, पहिला बाप्तिस्मा होतो, ताप त्याला गाठतो. या सगळ्यात घरच्यांना एक ओळ मिळते : त्यांनी मोठ्या मनानं निरोप दिला. या एका ओळीशी माझं भांडण आहे. ती ओळ लिहिणाऱ्यानं घरच्यांना कधी विचारलेलं नसतं.

विल्यम कॅरींचं उदाहरण घ्या. १७९३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानात यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या पत्नी डॉरथीबाई गरोदर होत्या आणि यायला तयार नव्हत्या. कॅरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाले. जहाजाचा घोळ झाला, प्रस्थान लांबलं, तोवर बाई बाळंत झाल्या. पुन्हा घरी येऊन त्यांची मनधरणी झाली आणि बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, एवढ्या बोलीवर त्या उठल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डॉरथीबाईंचं मन ढळलं ते १८०७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरलं नाही. आणि १८०५ मध्ये कॅरींचं मराठी व्याकरण छापलं गेलं. त्या व्याकरणाचा आपण अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. त्यात मदत करणाऱ्या पंडित वैजनाथांचं ऋणही आता आपण मान्य करू लागलो आहोत. पण ते पुस्तक तयार होत असताना त्याच घरात असलेल्या त्या बाईचं ऋण आपल्या कुठल्या प्रस्तावनेत आलं आहे?

गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. १८२५ मध्ये मुलांची प्रकृती ढासळली म्हणून पत्नी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. एक मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. पुढच्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना हॉल पटकीनं गेले. नवरा एका खंडात, बायको दुसऱ्या खंडात, मूल मधल्या पाण्यात. हॉल यांच्यावर आपण व्याख्यानं देतो. त्या बाईंनी उरलेल्या मुलाला घेऊन पुढचं आयुष्य कसं काढलं, हे शोधायला आपल्यातलं कोणी उठलं नाही.

आपल्या मातीतून परदेशी गेलेल्यांच्या बाबतीतही आपण हेच केलं. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांची आई वसईची, एवढं सांगून आपण पुढे जातो. बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले, कारण तिथल्या डच अमलात कॅथलिक धर्मगुरूला बंदी होती. कँडीच्या राजानं हेर समजून त्यांना कैदेत टाकलं, पुढे देवीच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि १७११ मध्ये तिथंच देह ठेवला. गोव्याला ते परत आले नाहीत. या दोघांपुढे मी नतमस्तक होतो. पण त्यांच्या घरी त्यांची वाट कोणी पाहिली, हा प्रश्न विचारल्यानं संताचं तेज कमी होतं असं मला वाटत नाही.

याच प्रश्नावर कालच्या चर्चेत दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, पाचारणाची किंमत घराला द्यावीच लागते. दुसऱ्याचं म्हणणं, कुटुंबाशिवाय कोणाला पाठवूच नये. दोन्ही बाजूंनी वचनं काढली गेली. मी माझ्या घरातली हकिगत सांगतो, तिच्यानं हा वाद मिटावा.

माझा थोरला भाऊ पूर्व आफ्रिकेत नवं काम सुरू करायला गेला. तिथं राहायला घर नाही, मुलींना शाळा नाही, म्हणून आधी त्यानं जावं आणि बस्तान बसल्यावर घरच्यांना न्यावं असं मिशनच्या कमिटीनं ठरवलं. पाठवणीच्या उपासनेत दादा वेदीपुढे गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर पाळकांचे हात होते. वहिनी दुसऱ्या बाकावर होत्या. धाकटी त्यांच्या मांडीवर झोपली होती, थोरली फ्रॉकचा काठ चघळत होती. दादासाठी लांब प्रार्थना झाली. वहिनींचं नाव कोणी घेतलं नाही.

नवं काम कसं उभं राहतं हे दादाच्या पत्रांतून मला कळलं. स्वाहिली शिकण्यात पहिले महिने गेले. पत्र्याच्या खोलीत तीन कुटुंबांसह उपासना सुरू झाली. जागेच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागले. आज तिथं दगडी चर्च आहे आणि तिथलेच पाळक ते चालवतात. मला त्याचा अभिमान आहे. पण इकडे मुलींच्या शाळेच्या अर्जावर वडिलांची सही लागे आणि हेडमास्तर दर वर्षी म्हणत, वडील कुठे आहेत ते लेखी आणा. ते लेखी मिळवायला वहिनी मिशनच्या कचेरीत जाऊन बाकावर बसत. भत्ता तिकडे जाई, घरचा वाटा मनिऑर्डरनं मागाहून येई. बस्तान बसल्यावर न्यायचं होतं, ते कधी झालंच नाही.

वहिनी रात्री भांडी आटोपल्यावर निळ्या एरोग्रामवर पत्र लिहीत. मजकूर संपला की दुमडपट्टीवर मुलींचे गुण लिहीत, गणित इतके, भूगोल इतके, म्हणजे कागद वाया जायला नको. पुढे उतारवयात मी त्यांना एकदा सरळ विचारलं, दादा गेले याचा राग आहे का? त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. विचारलंच नाही कोणी."

माझ्या दृष्टीनं वाद इथं मिटतो. जाऊ नये असं वहिनींनी म्हटलं नाही, आणि माझंही तसं म्हणणं नाही. पण पाचारण घरात येतं तेव्हा ते साऱ्या घराला येतं. जो जातो त्याला मंडळी विचारते, तपासते, हात ठेवते, पगार ठरवते. जी मागे राहते तिला गृहीत धरते. तिचं राहणं हीसुद्धा पाठवणीच आहे आणि तिलाही तेवढीच प्रार्थना, तेवढाच मान आणि तेवढाच जमाखर्च लागतो.

शास्त्राचा आधार हवा असेल तर वधस्तंभाकडे बघा. स्वतः प्राण सोडत असताना प्रभूनं आईला योहानाच्या हवाली केलं. घरदार सोडण्याची त्याची वचनं मला पाठ आहेत, मी ती उपदेशातही वापरली आहेत. ती वचनं देणाऱ्यानंच आईची सोय लावली, हे आपण उपदेशात का सांगत नाही?

आणखी एक वाद इथं दर संमेलनात होतो : मिशनऱ्यांची पत्रं साहित्य आहेत की नुसते अहवाल? एका मिशनच्या मासिकाचं संपादन मी अनेक वर्षं केलं. परदेशातून आलेली पत्रं माझ्या टेबलावर ढिगानं येत. देणगीदारांचं मन राखायचं म्हणून ती जपून लिहिलेली असत. घरून तिकडे गेलेली पत्रं मात्र कोणी जपली नाहीत. फिरत्या माणसाकडे कागद टिकत नाहीत, घरच्या पेटीत टिकतात. म्हणून आपल्या दप्तरात एकच आवाज उरला. फादर स्टीफन्स यांनी १५७९ मध्ये गोव्याहून वडिलांना लिहिलेलं पत्र जगप्रसिद्ध आहे. ते वाचताना त्या वडिलांचं उत्तर हाताशी नाही याची खंत एकाही अभ्यासकानं माझ्यापाशी बोलून दाखवली नाही. दादाची पत्रं आमच्याकडे ट्रंकभर आहेत. वहिनींचं एकही नाही. दोघांचीही पत्रं मी त्या त्या वेळी वाचली आहेत, आणि साहित्य कोणाच्या पत्रांत होतं हे मी ठामपणे सांगू शकतो.

तरी कोणी म्हणेल, घरातली दुखणी छापली तर विश्वास डळमळतो. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडावं. टिळक परदेशी गेले नव्हते, पण १८९५ मध्ये बायकोला न सांगता त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ती मुलाला घेऊन मागे राहिली. तो सगळा काळ तिनं काही न लपवता लिहिला. मराठीतलं सर्वांत मोठं ख्रिस्ती गद्य मागे राहिलेल्या बाईच्या हातचं आहे. त्यानं कोणाचा विश्वास ढळला? मला तर ते पुस्तक वाचून ख्रिस्ताकडे वळलेली माणसं भेटली आहेत.

आता कामाचं बोलतो. या संमेलनानं मागे राहिलेल्यांची पत्रं, रोजनिश्या आणि आठवणी गोळा करण्याचं काम हाती घ्यावं. जमलेलं साहित्य कुठे ठेवायचं, कोणी पाहायचं, हे नवं कार्यकारी मंडळ ठरवील. एक खंड निघावा, पुढे दुसराही निघेल. ज्या घरांतून आज मुलगे-मुली धर्मगुरू, पाळक, धर्मभगिनी म्हणून परदेशी जात आहेत, त्या घरांत लेखकांनी जावं, बसावं, ऐकावं. आणि मंडळ्यांच्या वडीलजनांना माझी हात जोडून विनंती आहे : यापुढे पाठवणीच्या उपासनेत घरच्यांना पहिल्या बाकावर बसवा, त्यांना सर्वांसमोर विचारा आणि त्यांचं उत्तर नोंदवहीत लिहा. नाही म्हणाले तर थांबा. थांबल्यानं देवाचं राज्य अडत नाही. हो म्हणाले तर त्या 'हो'ची जबाबदारी मंडळीनं उचलावी, शाळेच्या अर्जावरच्या सहीपासून म्हातारपणच्या औषधापर्यंत.

माझं वय झालं आहे. यातलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत होईल असं नाही. पण आज इथं बसलेल्या तरुण लेखकांपैकी एकानं जरी मार्गारेट हॉल यांचं चरित्र लिहायला घेतलं, तरी मला या पदावर बसवण्याचं सार्थक झालं असं मी समजेन.