रुग्णशय्येवरील वातरक्त

पुणें-नाशिक रस्त्यावरील कुरुळी गांवचा एखादा वृद्ध शेतकरी शस्त्रक्रियेसाठीं शहरांतील रुग्णालयांत जातो. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पायाचा आंगठा लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शहि सोसवत नाहीं, अंगांत ज्वर भरतो. आप्तांस वाटतें, जखम चिघळली.

पुष्कळदां हा वातरक्ताचा झटका असतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत या व्याधीस स्वतंत्र अध्याय आहे. डॉक्टर त्यास गाऊट म्हणतात. रक्तांत युरिक आम्ल वाढलें कीं त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचतात. उपास, शरीरांतील पाणी घटणें, शस्त्रक्रियेचा ताण, लघवी वाढविणारीं औषधें, हीं सारीं कारणें रुग्णालयांत एकत्र येतात आणि निजलेला व्याधि जागा होतो. त्यांतच अ‍ॅलोप्युरिनॉलची नित्याची गोळी सुटली, तर आणखी भर पडते.

मात्र अंदाजावर विसंबूं नये. झटक्याच्या वेळीं रक्तांतील आम्ल प्रमाणांतहि आढळतें. उलट, पू झालेला सांधाहि असाच दिसतो, आणि तेथें विलंब झाल्यास सांधा कायमचा जातो. म्हणून सांध्यांतील पाणी सुईनें काढून स्फटिक व जंतु दोन्ही तपासावे लागतात. हे स्फटिक सूक्ष्मदर्शकानें ओळखण्याची रीत १९६१ सालीं मॅकार्टी व हॉलंडर यांनीं दाखविली.

झटक्यावर कोल्चिसीनसारखीं औषधें आहेत. परंतु मूत्रपिंडांची स्थिति पाहूनच वैद्य तीं देतात. रुग्णानें आपल्याकडून इतकेंच करावें: दाखल होतांनाच जुनें दुखणें सांगावें, चालू गोळ्या दाखवाव्या, आणि विचारल्यावांचून त्या थांबवूं नयेत.