बिल माफ झालं, कोळसा नाही



आज आपण विजेचा विचार करू.

चूल पेटली की धूर डोळ्यांत जातो. म्हणून चुलीला किती सरपण लागतं, हे घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असतं. विजेचं तसं नाही. बटण दाबलं की दिवा लागतो. ना धूर, ना राख. पण धूर असतो बरं का! तो आपल्या घरात नसतो, इतकंच.

आपल्या राज्यातली अर्ध्याहून जास्त वीज कोळशापासून होते. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. औष्णिक म्हणजे उष्णतेवर चालणारं. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चक्र फिरतं आणि वीज तयार होते. वीज तारांतून दूरच्या गावांना जाते. राख मात्र तिथेच राहते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित भागांची यादी केली. तीत चंद्रपूरचं नाव होतं. वीजकेंद्र, खाणी, कारखाने, साऱ्यांचा त्यात वाटा. तिथेही आपल्यासारखीच माणसं राहतात. त्यांचीही लेकरं तीच हवा घेतात.

आता पाटी घ्या. थोडं गणित करू.

कोळशाची एक युनिट वीज करायला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे 4 युनिट वीज खाते. आठ तास चालली, तर 32 युनिट. म्हणजे जवळजवळ 21 किलो कोळसा! आपल्याकडच्या कोळशात राख फार. त्यातून सहा-सात किलो राख उरते. एका मोटारीची, एका रात्रीची.

2024 साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ केलं. शेतकऱ्याला आधार झाला, चांगलंच झालं. पण मंडळी, बिल माफ झालं म्हणून कोळसा माफ झाला नाही. तो जळतोच.

रात्री-अपरात्री लाईट येते. अंधारात साप-विंचवाचं भय. म्हणून पुष्कळजण मोटारीला ऑटो लावून झोपतात. त्यांना कोण नावं ठेवील? पण लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. वाफे भरतात, पाणी बांधावरून ओढ्याला जातं, तरी मोटार चालूच. कोळसा गेला, विहिरीचं पाणीही गेलं. उन्हाळ्यात तळ दिसतो तेव्हा आपण कपाळाला हात लावतो.

कुणी म्हणेल, "गुरुजी, शहरात दिवसभर एसी चालतात. त्यांना सांगा की!" खरं आहे. त्यांनाही सांगितलं पाहिजे. पण विहीर शहरवाल्यांची नाही, आपली आहे. शिवाय कोळसा जळाला की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. तो उष्णता धरून ठेवतो. त्याने पृथ्वी तापते, पाऊस लहरी होतो. आणि लहरी पावसाचा पहिला मार कुणाला? कोरडवाहू शेतकऱ्याला.

मग करायचं काय? ऑटोला टायमर जोडा. वाफे भरायला लागतील तेवढेच तास लावा, म्हणजे मोटार आपोआप बंद होईल. ठिबक केलं तर पाणी कमी लागतं. सौर पंप मिळत असेल तर अर्ज करा. तो उन्हावर चालतो, कोळसा लागत नाही आणि दारं धरायला रात्री जावं लागत नाही. गोठ्यात 60 वॅटचा जुना बल्ब असेल तर 9 वॅटचा एलईडी लावा. रोज पाच तास धरले तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. म्हणजे पाच किलो कोळसा, एका दिव्यामागे.

अंधारात बसा, असं मी म्हणत नाही. वीज हवीच. तिच्या उजेडातच तर आपण हे वाचतो आहोत. पण घरातली बाई सरपण मोजून वापरते, तशी वीज मोजून वापरा. आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा पाटीवर लिहा. उद्या याच वेळी पुन्हा लिहा आणि वजाबाकी करा. उत्तर घेऊन वर्गात या.