२८ व्या वर्षी रेस ट्रॅकवर, आणि घरी सांगितलेली थाप

हा एपिसोड उशिरा आलाय, कारण मधले सहा आठवडे माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. कॉलरबोन मोडलं. काय झालं असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "गाडीवरून पडलो" एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धं. मी पडलो चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर, आणि घरी सांगून गेलो होतो की ऑफिसचं काम आहे.

आधी ट्रॅकबद्दल बोलतो, मग थापेबद्दल.

मी हिंजवडीत कोड लिहितो, वय २८. मोटरसायकल रेसिंगमध्ये हे वय म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचण्यासारखं. स्पेन, इटलीतली पोरं शाळेत जायला लागतात तेव्हाच छोट्या गाड्यांवर बसतात. मला धीर द्यायला मित्र ट्रॉय बेलिसचं नाव घेतात. हा ऑस्ट्रेलियात गाड्यांना रंग मारायचा, विशीत रोड रेसिंगला लागला आणि तीनदा वर्ल्ड सुपरबाइक चॅम्पियन झाला. बरोबर आहे, पण तो बेलिस होता. मला चॅम्पियन व्हायचंच नव्हतं. २०२३ ला ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली, ती स्टँडमध्ये बसून पाहिली. परत येताना वाटलं, आपण दर रविवारी ताम्हिणीत जे करतो ते नक्की काय आहे? समोरून टेम्पो, कडेला म्हशी, वळणावर वाळू. वेगच हवा असेल तर त्यासाठी बांधलेल्या जागी जाऊया की.

ही जागा म्हणजे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक. लांबी साधारण ३.७ किलोमीटर, पुण्याहून अंतर बाराशेच्या आसपास. गाडी रेल्वे पार्सलनं पाठवली, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून. तिथे गेल्यावर आरसे काढायचे, हेडलाइटवर टेप लावायची म्हणजे पडल्यावर काचा पसरत नाहीत. कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागून येणारा जातो. आणि आरसे का काढायचे, तर मागे बघायचंच नाही. ओव्हरटेक नीट करणं ही मागच्याची जबाबदारी. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे पचायला अर्धा दिवस लागतो.

मला वाटलेलं, आपल्याला चालवता येतं. पहिल्याच सेशनमध्ये एक शाळकरी वाटणारा पोरगा मला बाहेरून ओलांडून गेला. बाहेरून! इन्स्ट्रक्टर म्हणाले, "तू वळणात घाबरून थ्रॉटल बंद करतोस." कुणालाही वाटेल की घाबरल्यावर थ्रॉटल सोडणं शहाणपणाचं. पण गाडी झुकलेली असताना झटकन सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं, गाडी लाइन सोडून रुंद जाते, म्हणजे ज्या कडेला घाबरलो तिकडेच. वर आपण बघतोही त्याच कडेकडे, आणि नजर जिथे तिथे गाडी. त्या पोराला फक्त शिकायचं होतं. मला आधी दहा वर्षांचं विसरायचं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड, आणि सिस्टिम चालू असतानाच बदलायचा.

दुसऱ्या खेपेला जमायला लागलं. आणि जमायला लागलं की माणूस पडतो. जेवणानंतरच्या सेशनमध्ये पुढच्याला पकडायच्या नादात ब्रेक उशिरा मारला आणि गाडी झुकवतानाही पुढचा ब्रेक दाबून ठेवला. पुढचं चाक खालून निघून गेलं. चूक शंभर टक्के माझी. लेदर सूट असल्यामुळे कातडीला ओरखडा नाही, पण खांद्यावर आपटलो. पिवळे झेंडे, अँब्युलन्स, एक्स-रे.

मग घरी फोन. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं घाटातून गाडी काढली, आता साताऱ्यात असतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नक्की कुठे आहेस?" मागे तमिळमध्ये कुणीतरी ओरडत होतं. आईनं फोन घेतला, पण बोललीच नाही.

बोलली ती मी घरी गेल्यावर. "पडलास त्याचं नाही रे. काही बरंवाईट झालं असतं तर मला ते कुणी अनोळखी माणसानं सांगितलं असतं, आणि मी म्हणाले असते, नाही हो, माझा मुलगा ऑफिसच्या कामाला गेलाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांनी तोवर मोबाइलवर शोधलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर, नॅशनल चॅम्पियनशिपच्या रेसमध्ये, बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. मला हे आधीपासून माहीत होतं. तरी मी सगळ्यांना सांगत फिरायचो की ट्रॅक रस्त्यापेक्षा सेफ आहे. ट्रक नाही, म्हैस नाही, डॉक्टर हजर, हे सगळं खरं. पण पडल्यावर मागून दुसरी गाडी येतेच. हे वाक्य मी सोयीस्करपणे गाळायचो.

जाता जाता, बाबांनीच काढलेला मुद्दा. गाडीच्या विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरत नाहीत, त्यामुळे गाडीचा खर्च खिशातून. हेल्थ पॉलिसीत बहुतेकदा "प्रोफेशनल म्हणून" साहसी खेळात भाग घेण्याबद्दल कलम असतं. तुमच्या पॉलिसीत नेमके शब्द काय आहेत ते जाण्याआधी वाचा. मी हॉस्पिटलच्या बेडवर डाव्या हाताने स्क्रोल करत वाचले.

पुढे काय? रेस करायची आहे, एकदा तरी. खऱ्या ग्रिडवर, नवख्यांमध्ये, शेवटचा आलो तरी चालेल. त्याला एफएमएससीआयचं लायसन्स आणि मेडिकल लागतं, आणि हात अजून खांद्याच्या वर जात नाही. या वेळी घरी सांगितलंय. तारीख, जागा, इन्स्ट्रक्टरचा नंबर, सगळं फ्रिजवर चिकटवलंय. बाबांनी एवढंच विचारलं की टायरमध्ये हवा किती ठेवतोस, आणि ते सोबत येणार आहेत. आई हो म्हणालेली नाही. मी ट्रॅकवर पाऊल ठेवणार नाही म्हणते, पण कांचीपुरम तिथून किती लांब, हे तिनं काल दोनदा विचारलं.