मान दुखतेय, हे सांगायला मला दोन वर्षं लागली

आजचा भाग मी उभ्यानं रेकॉर्ड करतोय. माईक पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलाय. कारण वीस मिनिटं बसलो, की मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत ठणका सुरू होतो.

मी तळवली गावठाणात राहतो, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला डॉक्टर ‘क्रॉनिक’ म्हणतात. माझं दोन वर्षांपासून चालू आहे. उशा बदलल्या, बाम चोळले, एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ वाचून रात्रभर झोप नाही. मग फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, “असा बल्ज मान अजिबात न दुखणाऱ्यांनाही असतो.” धीर आला. पण रिपोर्टमध्ये ठोस काही नाही, तर लोकांना पटवायचं कसं?

मे महिन्यात चुलतभावाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे बेंजो आणि रात्रभर नाच. मी दहा मिनिटं नाचलो. दुसऱ्या दिवशी मान वळेना, सुट्टी टाकली. टीममधल्या एकानं माझं स्टेटस बघितलं होतं. म्हणाला, “नाचताना नाही दुखली का रे?” सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर मी दुखणं लपवायला लागलो. मीटिंगला कॅमेरा बंद आणि मी लादीवर आडवा. मित्रांनी घणसोलीला चहाला बोलावलं, की “काम आहे यार.” चार-पाच वेळा असं झालं, मग बोलावणंच थांबलं. त्यांना वाटलं, पगार वाढला, पोरगा बदलला.

आई म्हणायची, “आम्ही डोक्यावर हंडे वाहिले, मान नाही दुखली. तो मोबाईल ठेव आधी!” मला राग यायचा. एका रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात लादीवर पडलो होतो. ती उठून आली, शेजारी बसली. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “माझी पण दुखायची रे. सांगणार कुणाला?”

त्या रात्री मी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

जगभरातल्या वेदना-अभ्यासकांची आयएएसपी नावाची संघटना आहे. 2020 साली त्यांनी वेदनेची व्याख्या सुधारली. त्यासोबतच्या टिपणात म्हटलंय, की माणूस दुखतंय म्हणत असेल, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. म्हणजे पुरावा दिल्याशिवाय दुखणं खरं नाही, असं काही नसतं.

पण एक चूक माझीही होती. “मला समजून घ्या” एवढंच मनात धरून बसलो होतो. समोरच्यानं नक्की करायचं काय? मग मी नेमकं मागायला लागलो. मॅनेजरला सांगितलं, लांब मीटिंगमध्ये मी मधेच उभा राहीन, कॅमेरा चालू ठेवून. ते म्हणाले, “एवढंच ना?” मित्राला सांगितलं, बाईक तू चालव आणि माझ्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची धर. आईला सांगितलं, उपाय नको सुचवूस, संध्याकाळी फक्त एकदा विचार, “आज कशी आहे?”

मान बरी झाली का? नाही. व्यायाम चालू आहे, काही दिवस बरे जातात, काही नाही. पण वाईट दिवशी आता खोटं बोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हातातली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप असेल किंवा अपघातानंतर मान दुखत असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा. आणि दुखण्यानं मन खचलं असेल, तर 14416 हा टेलि-मानस सरकारी नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

हा भाग संपला, की एकाच माणसाला मेसेज करा. मोठा नको. “मान दुखतेय, शनिवारी येशील का, सामान उचलायचंय,” एवढाच. आणि तुम्हाला असा मेसेज आला, तर उशी कुठली घ्यायची ते नंतर सांगा. आधी जा.

चला, मी जरा आडवा होतो. भेटू पुढच्या भागात!